पटकथाकार ते कादंबरीकार : डेव्हिड निकल्स यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'वन डे' ही मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि तेव्हापासून तिच्या मूळ कादंबरीकाराबद्दलचे प्रश्न येणे थांबलेले नाही. विचारणारे साधारण दोन प्रकारचे आहेत. मालिका पाहून पुस्तकाकडे वळलेले वाचक, आणि स्वतः मालिका-चित्रपटांसाठी लिहिणारे, पण मनात कधीची एक कादंबरी बाळगून असलेले लेखक. दोघांचे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. कथेचा शेवट उघड करणारा एकच प्रश्न आहे आणि तो मुद्दाम सर्वांत खाली ठेवला आहे.

डेव्हिड निकल्स तर कादंबरीकार आहेत. मग त्यांना पटकथाकार का म्हणतात?

कारण ते आधी पटकथाकार होते आणि आजही आहेत. ३० नोव्हेंबर १९६६ रोजी इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात, ईस्टली या गावी त्यांचा जन्म झाला. ब्रिस्टल विद्यापीठात इंग्रजी साहित्य आणि नाट्यशास्त्र शिकून त्यांनी १९८८ मध्ये पदवी घेतली. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्यांचे नाव २००० च्या सुमारास माहितीचे झाले, तर पहिली कादंबरी २००३ मध्ये आली. जगभर त्यांना ओळख मिळवून देणारी 'वन डे' त्याहून सहा वर्षांनी, २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती पन्नास लाखांहून अधिक प्रतींत खपल्यामुळे आधीची कारकीर्द झाकली गेली, एवढेच.

ते मुळात नट होते असे ऐकले. हे खरे आहे का?

खरे आहे, आणि ही माहिती केवळ गंमत म्हणून लक्षात ठेवण्यासारखी नाही. पदवीनंतर न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझिकल अँड ड्रॅमॅटिक अकॅडमीत शिष्यवृत्तीवर अभिनयाचे शिक्षण घेऊन ते लंडनला परतले आणि विशीतली बहुतेक वर्षे त्यांनी रंगभूमीवर काढली. आईचे माहेरचे आडनाव लावून ते डेव्हिड होल्डवे या नावाने काम करीत. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ते तीन वर्षे होते, परंतु वाट्याला आल्या त्या लहानसहान भूमिका आणि 'अंडरस्टडी'चे काम. अंडरस्टडी म्हणजे मुख्य नटाची सर्व वाक्ये पाठ करून विंगेत बसणारा आणि तो आजारी पडलाच तर उभा राहणारा बदली नट. बहुतेक वेळा मुख्य नट आजारी पडत नाही. मधल्या काळात त्यांनी पुस्तकांच्या दुकानातही नोकरी केली.

या अनुभवातून त्यांची दुसरी कादंबरी, 'द अंडरस्टडी' (२००५), निघाली. तिचा नायक एका देखण्या, लाडावलेल्या ताऱ्याचा बदली नट आहे आणि त्या ताऱ्याच्याच बायकोच्या प्रेमात पडतो. त्यांची गाजलेली पुस्तके वेगळी असली, तरी न मिळालेल्या टाळ्यांचे दुःख किती हास्यास्पद असू शकते हे माहीत असलेल्या माणसाने ती लिहिली आहे, हे पानोपानी कळते.

नटाचा लेखक नेमका कसा झाला?

दुसऱ्यांच्या संहिता वाचून. अभिनय सोडल्यावर त्यांनी बीबीसीच्या नभोनाट्य विभागात आलेल्या संहिता वाचून त्यांवर अभिप्राय देण्याचे काम केले आणि पुढे दूरचित्रवाणी कंपन्यांत संहिता-संपादक म्हणून नोकरी केली. आपल्याकडे या कामाला अजून नीटसे नावही नाही आणि प्रतिष्ठाही नाही. परंतु शेकडो फसलेल्या संहिता वाचून 'हा प्रसंग का बसत नाही' हे दुसऱ्याला पटेल अशा भाषेत सांगण्याची सवय झाली, की स्वतःच्या लिखाणातील फसवाफसवी लवकर दिसू लागते.

सॅम शेपर्ड यांच्या 'सिम्पॅटिको' या नाटकावरून १९९९ मध्ये आलेल्या चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा सहभाग होता. पुढच्या वर्षी 'कोल्ड फीट' या लोकप्रिय मालिकेच्या तिसऱ्या पर्वातील काही भाग त्यांनी लिहिले आणि त्याबद्दल बाफ्टा या ब्रिटनमधील चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्काराच्या नामांकनापर्यंत ते पोहोचले. मँचेस्टरमधील तीन जोडप्यांच्या संसारावरची ही मालिका होती. प्रेम जुळवण्यापेक्षा जुळलेले प्रेम टिकवण्यात जास्त विनोद असतो, ही जाण तिच्या मुळाशी होती आणि निकल्स यांच्या कादंबऱ्यांतही तीच पुढे दिसते.

चांगले चालले असताना ते कादंबरीकडे का वळले?

चांगले चालले नव्हते. त्यांनी निर्माण केलेली 'रेस्क्यू मी' ही प्रेमकथेच्या अंगाची विनोदी मालिका २००२ मध्ये बीबीसीवर आली आणि एकाच पर्वात आटोपली. ती बंद होत असल्याचे त्यांना कळवण्यात आले, तोवर दुसऱ्या पर्वाचे चार भाग ते लिहून बसले होते. मालिकांसाठी लिहिणाऱ्या कोणालाही हा प्रसंग परका वाटणार नाही. न चित्रित झालेल्या भागाला वाचक नसतो, प्रेक्षक नसतो आणि तो लेखकाच्या नावावरही जमा होत नाही. त्या संतापात त्यांनी पटकथालेखन बाजूला ठेवले आणि 'स्टार्टर फॉर टेन' ही पहिली कादंबरी लिहिली.

कादंबरी ही त्यांच्यासाठी साहित्यिक बढती नव्हती, हे येथे नोंदवले पाहिजे. वाहिनी, निर्माता, नट आणि अंदाजपत्रक यांपैकी कोणाच्याही होकाराशिवाय पूर्ण होणारी वस्तू त्यांना हवी होती.

त्यांच्या कादंबऱ्या कोणत्या आणि सुरुवात कोठून करावी?

'स्टार्टर फॉर टेन' (२००३), 'द अंडरस्टडी' (२००५), 'वन डे' (२००९), 'अस' (२०१४), 'स्वीट सॉरो' (२०१९) आणि 'यू आर हिअर' (२०२४). एकीचा दुसरीशी कथासंबंध नाही, त्यामुळे क्रम पाळण्याची गरज नाही. बहुतेक जण 'वन डे'पासून सुरुवात करतात. माझे मत विचाराल तर 'अस' आधी वाचावी, कारण तीत विनोद आणि वेदना यांचे प्रमाण सर्वांत नेमके साधले आहे. पटकथालेखकाने मात्र 'स्टार्टर फॉर टेन' आधी वाचावी. तीत शिवण दिसते, आणि शिकणाऱ्याला शिवण दिसलेली बरी.

पटकथेची सवय या कादंबऱ्यांत कोठे दिसते?

लोक पटकन 'संवादांत' असे उत्तर देतात. ते खोटे नाही. 'वन डे'मधल्या एमा आणि डेक्स्टर यांचे बोलणे ऐकताना जाणवते, की दोघेही विनोद करतात ते मनातले बोलावे लागू नये म्हणून. आणि वरचे वाक्य एक, खालचा अर्थ दुसरा, ही तर पटकथेची पहिली शिकवणी. प्रसंगात उशिरा शिरायचे आणि लवकर बाहेर पडायचे, ही सवयही ठायी ठायी आढळते.

परंतु माझ्या मते खरी खूण बांधणीत आहे. निकल्स जवळजवळ प्रत्येक कादंबरी एखाद्या कडक चौकटीत बसवतात. 'स्टार्टर फॉर टेन'चा नायक १९८५ मध्ये विद्यापीठात दाखल झालेला, दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेने झपाटलेला मुलगा आहे, म्हणून प्रत्येक प्रकरण एका सामान्यज्ञानाच्या प्रश्नाने उघडते. 'वन डे' एमा आणि डेक्स्टर यांना वीस वर्षे, दर वर्षीच्या फक्त १५ जुलैलाच भेटते. 'अस' १८० लहान प्रकरणांत युरोपची सहल घडवते. 'स्वीट सॉरो' १९९७ च्या उन्हाळ्यात 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या हौशी तालमींभोवती फिरते. 'यू आर हिअर'मध्ये एक संपादिका आणि एक भूगोलाचा शिक्षक उत्तर इंग्लंडमध्ये, आल्फ्रेड वेनराइट यांनी आखलेल्या सेंट बीज ते रॉबिन हुड्स बे या सुमारे १९० मैलांच्या पायवाटेवर चालतात, आणि मुक्कामागणिक कथा पुढे सरकते. प्रेमकथेला स्वतःचा असा वेग नसतो, दोन माणसे नुसती बोलत राहतात. म्हणून तिला बाहेरून घड्याळ लावावे लागते. हे पटकथाकाराचे शहाणपण आहे.

मग कादंबरीत त्यांना असे काय मिळाले, जे पटकथेत मिळत नव्हते?

दोन गोष्टी : न बोललेले आणि न घडलेले.

पहिली 'अस'मध्ये स्पष्ट दिसते. डग्लस हा जीवरसायनशास्त्रज्ञ स्वतःची कथा स्वतः सांगतो. बायको त्याला सांगते, की आपल्याला बहुधा हा संसार सोडायचा आहे. आणि तरीही ठरलेली युरोपची सहल मुलासह पार पाडायची ठरते. सहलीत बायकोला पुन्हा जिंकून घेऊ, असा त्याचा बेत. तो जे बोलतो ते ताठर आणि अनेकदा चुकीचे असते, तर जे मनात म्हणतो ते मऊ आणि हुशार असते. सगळा विनोद या दोहोंमधल्या फटीत आहे. पडद्यावर ही फट दाखवण्यासाठी निवेदनाचा आवाज वापरावा लागतो, आणि तो सतत वापरला की कानाला टोचतो.

दुसऱ्या गोष्टीसाठी 'वन डे'मधले १९९० सालचे प्रकरण पाहावे, आणि ते आपल्या मुंबईत घडते. भारतात भटकत असलेला डेक्स्टर मुंबईत बसून एमाला एक लांबलचक पत्र लिहितो, इकडे निघून ये म्हणतो, ताजमहालापाशी भेटू म्हणतो. ते पत्र एका बारमध्ये राहून जाते आणि तिला कधीच मिळत नाही. लंडनच्या कॅम्डेन भागात बसलेल्या एमाला आपल्या आयुष्यात काय घडता घडता राहिले याची कल्पनाही नसते. पत्राचा मजकूर वाचकाने पूर्ण वाचलेला असतो. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे ते न पोहोचलेले पत्र वाचकाच्याच खिशात राहते. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट असा हिशेब असतो, आणि त्या हिशेबात एवढे पत्र वाचून दाखवायला कोणी देणार नाही.

१५ जुलै हीच तारीख का?

इंग्लंडमध्ये हा सेंट स्विदिन यांचा दिवस मानला जातो आणि या दिवशी पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडतो, अशी लोकसमजूत आहे. नक्षत्राचे वाहन पाहून पावसाचा अंदाज बांधणाऱ्या आपल्या माणसांना यात नवल वाटू नये. कादंबरी १५ जुलै १९८८ रोजी, एडिंबरा येथे, पदवीदानानंतरच्या रात्री सुरू होते. निकल्स स्वतः त्याच वर्षीचे पदवीधर आहेत, हेही लक्षात घ्यावे. वर्षातला एकच दिवस घेण्यामागची मूळ कल्पना मात्र थॉमस हार्डी या जुन्या इंग्रजी कादंबरीकाराकडून आली. तिच्याबद्दल शेवटच्या प्रश्नात लिहिले आहे.

कादंबऱ्या यशस्वी झाल्यावर त्यांनी पटकथालेखन सोडले का?

नाही, आणि येथेच बहुतेकांची समजूत चुकते. 'एका क्षेत्रातून दुसऱ्यात गेले' असे म्हणण्यापेक्षा ते दोहोंत ये-जा करीत राहिले, असे म्हणणे बरोबर ठरेल. पडद्यासाठी केलेले त्यांचे उल्लेखनीय काम पुढे बहुतांशी दुसऱ्यांच्या साहित्यकृतींची रूपांतरे हेच आहे. २००५ मध्ये त्यांनी बीबीसीसाठी शेक्सपिअरचे 'मच अडू अबाउट नथिंग' एका प्रादेशिक वृत्तवाहिनीच्या कचेरीत आणून बसवले. २००८ मध्ये हार्डी यांची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' केली, २०१२ मध्ये डिकन्स यांची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स', आणि २०१५ मध्ये पुन्हा हार्डी, 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'. एडवर्ड सेंट ऑबिन यांच्या पाच कादंबऱ्यांवरून केलेल्या 'पॅट्रिक मेलरोज' (२०१८) या मालिकेच्या लेखनासाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला. बालपणीचे अत्याचार आणि व्यसनाधीनता हा त्या मालिकेचा विषय होता. हलक्याफुलक्या लेखनाचा शिक्का बसलेल्या लेखकाला सर्वोच्च मान असा दुसऱ्या टोकाच्या कामासाठी मिळाला.

रूपांतर करणे म्हणजे एखाद्या मोठ्या कादंबरीचा सांगाडा हाताने सुटा करून पुन्हा जोडणे होय. स्वतःच्या कादंबरीसाठी यापेक्षा चांगली तालीम क्वचितच असेल.

स्वतःच्या कादंबरीची पटकथा स्वतःच लिहावी का? 'वन डे'च्या चित्रपटाबद्दल तर फारसे चांगले ऐकले नाही.

त्यांनी दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत. 'स्टार्टर फॉर टेन'च्या २००६ च्या चित्रपटाची आणि 'वन डे'च्या २०११ च्या चित्रपटाची पटकथा त्यांची. 'अस'वरची बीबीसीची चार भागांची मालिका (२०२०) हीसुद्धा त्यांचीच. लोन शेर्फिग यांनी दिग्दर्शित केलेल्या 'वन डे'मध्ये अ‍ॅन हॅथवे आणि जिम स्टर्जेस होते आणि हॅथवे यांच्या यॉर्कशायरी उच्चारांवर बरीच टीका झाली. माझ्या मते दोष उच्चारांचा कमी आणि वेळेचा अधिक होता. दोन तासांहून कमी वेळात वीस वर्षे बसवायची म्हटल्यावर प्रत्येक वर्षाला पाच-सहा मिनिटे येतात, आणि तेवढ्यात माणूस भेटतो न भेटतो तोच केशरचना बदलून पुढच्या वर्षी उभा असतो.

२०२४ च्या मालिकेला चौदा भाग मिळाले. तिच्या लेखनाचे नेतृत्व निकोल टेलर यांनी केले. निकल्स कार्यकारी निर्मात्यांपैकी एक होते आणि त्यांनी एक भाग लिहिला. मूळ लेखकाने बाजूला सरकणे आणि कथेला पुरेशी लांबी मिळणे या दोन्हींचा फायदा झाला असावा, असे मला वाटते. दोहोंपैकी कशाचा किती, हे ठरवता येत नाही.

मालिकेतली एमा भारतीय वंशाची आहे. पुस्तकातही तसेच आहे का?

नाही. पुस्तकातली एमा मॉर्ली यॉर्कशायरमधली, साध्या घरातली मुलगी आहे. मालिकेत अंबिका मोड या भारतीय वंशाच्या ब्रिटिश अभिनेत्रीने ती भूमिका केली. कथेचा ताण वंशावर नव्हे तर वर्गावर उभा आहे. डेक्स्टरला दारे आपोआप उघडतात आणि एमाला ती ढकलावी लागतात. त्यामुळे निवड बदलूनही पात्राचा स्वभाव हलला नाही.

या कादंबऱ्यांना 'रोमँटिक कॉमेडी' म्हणणे योग्य आहे का? 'अस'ला तर बुकरच्या यादीत स्थान मिळाले होते.

'अस' २०१४ च्या बुकर पुरस्काराच्या दीर्घ यादीत होती, हे बरोबर आहे. पण त्यामुळे ती रोमँटिक कॉमेडी राहिली नाही असे मानण्याचे कारण नाही. दोन माणसे एकत्र यावीत अशी वाचकाची इच्छा जागवायची, ती लांबवायची आणि त्या लांबण्यातून हसवायचे, एवढाच या प्रकाराचा करार आहे. निकल्स हा करार पाळतात. पण 'एकत्र येणे' म्हणजे नेमके काय, हे प्रत्येक पुस्तकात बदलतात. 'अस'मध्ये जोडपे पंचवीसेक वर्षे एकत्र आहे आणि प्रश्न विलग होण्याचा आहे. 'यू आर हिअर'मधले दोघे चाळिशीच्या आसपासचे, एकदा संसार मोडलेले आहेत. हाच विषय स्त्रीने लिहिला की पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गुलाबी रंग येतो आणि पुरुषाने लिहिला की साहित्याची चर्चा होते, ही तक्रारही रास्त आहे, आणि ती निकल्स यांच्या बाबतीतही लागू पडते.

मी मराठी मालिकांसाठी संवाद लिहिते. त्यांच्यासारखे कादंबरीकडे वळायचे तर पहिली अडचण कोणती येईल?

वर्णनाची नव्हे, ते जमते. अडचण येते ती एकट्याने निर्णय घेण्याची. आपल्या दैनंदिन मालिकांत कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे अशी विभागणी असते. संवादलेखकाच्या हातात सीन येतो तेव्हा त्यात काय घडणार हे ठरलेले असते. म्हणून कादंबरीच्या कोऱ्या पानावर हात थबकतो. निकल्स यांच्या चौकटी (पटकथेच्या सवयीविषयीचा प्रश्न पाहावा) येथे उपयोगी पडतील. एक तारीख, एक प्रवास, एक तालीम असे काहीतरी आधी ठरवावे आणि मग त्याच्या आत मोकळे सुटावे.

दुसरी सूचना अशी, की पहिल्या खर्ड्यात संवाद कमी ठेवावेत. जे हातखंडा आहे त्यामागे लपणे सोपे असते.

पडून राहिलेली पटकथाच कादंबरी म्हणून लिहून काढली तर चालेल का?

कलेच्या दृष्टीने चालेल, पण तिचे रूप बदलावे लागेल. नाहीतर वाचकाला नेपथ्याच्या सूचना वाचल्यासारखे वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र आधी करार काढून वाचावा. निर्मात्याने मानधन देऊन लिहून घेतलेल्या संहितेचे हक्क बहुधा करारानेच त्याच्याकडे गेलेले असतात, आणि कधी कधी त्यात कथाबीजही येते. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चित्रपटांसाठी लिहिणाऱ्यांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिले. पण त्यामुळे विकलेली कथा आपोआप परत मिळत नाही. स्वतःहून लिहिलेली, कोणालाही न दिलेली संहिता असेल तर प्रश्नच नाही. ती मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवलेली असली, तरी नोंदणीने हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. अमुक तारखेला ती तुमच्याकडे होती, याचा तो पुरावा असतो.

शेवट असा असताना 'वन डे'ला रोमँटिक कॉमेडी कसे म्हणता? (कादंबरी वाचली नसेल तर येथे थांबावे.)

२००४ च्या १५ जुलैला सायकलवरून जात असताना अपघातात एमाचा मृत्यू होतो. ज्या तारखेला दोघे भेटले त्याच तारखेला तो होतो, आणि वाचकाला ही तारीख एवढी वर्षे सणासारखी वाटत आलेली असते. याचे बीज हार्डी यांच्या 'टेस'मध्ये आहे. तेथे टेसच्या मनात येते, की आपल्या आयुष्यातल्या तारखा दर वर्षी येतात तशी आपल्या मृत्यूची तारीखही दर वर्षी गुपचूप येऊन जात असणार, आपल्याला ती ओळखता येत नाही एवढेच. ज्याने त्या कादंबरीची पटकथा लिहिली, त्यानेच या एका विचाराची पूर्ण कादंबरी केली.

ही कॉमेडी ठरते की नाही, याचे उत्तर मी मांडणीत शोधतो. निकल्स कादंबरी मृत्यूपाशी संपवत नाहीत. नंतरची वर्षेही १५ जुलैलाच येत राहतात आणि त्यांच्यामध्ये १९८८ चा तो पहिला दिवस, आधी अर्धाच सांगितलेला, पुन्हा उलगडू लागतो. त्या सकाळनंतर दोघे एडिंबराच्या आर्थर्स सीट या टेकडीवर चढतात, खाली येतात आणि निरोप घेताना एकमेकांचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक मागतात. पुस्तकाचे शेवटचे पान वाचताना वाचकाला पुढचे सगळे माहीत असते, आणि त्या दोघांना काहीच नसते.